कान तुटलेला कप

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई एक्केचाळीस वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. घरात यजमान, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. संध्याकाळचा चहा सासूबाई करतात आणि नातीला बशीत दोन घोट देतात. बाईंनी याला कधी हरकत घेतली नाही, कारण त्यांच्या लहानपणातली सगळ्यात उबदार आठवण तीच आहे: आजीच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि गवती चहाची पात घातलेला चहा बशीत फुंकर मारत प्यायचा. दोन आठवड्यांपूर्वी मुलीनं स्वयंपाकघराच्या खिडकीत असलेला कान तुटलेला कप उचलला आणि म्हणाली, "आज मला यात दे." तो कप घरकामाला येणाऱ्या मावशींचा. त्या दाराशी खाली बसून त्यात चहा पितात. सासूबाई ओरडल्या, "तो आधी खाली ठेव, आणि हात धू." मुलीनं विचारलं, "का? घाण आहे का?" बाई पटकन बोलून गेल्या, "त्यात जंतू असतात." मावशी तेव्हा मोरीत भांडी घासत होत्या. नंतर विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे पूर्वापार असंच आहे, आणि तिला सवय आहे." त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. असाच एक कप आजीच्या घरी मागच्या दाराच्या कोनाड्यात असायचा, आणि आजीच्या चहाबद्दल इतकी वर्षं बोलताना त्यांनी तो कप कधी सांगितला नव्हता. त्या विचारतात: सासूबाईंना न दुखावता हे कसं थांबवू? मावशींनी ऐकलं असेल का? मुलीला काय सांगू? "आणि आजीच्या आठवणीचं काय करू? ती आता खोटी झाली का?"

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. मावशी तेव्हा मोरीत भांडी घासत होत्या. म्हणजे ज्या कपात जंतू असतात तो कप आणि ज्यांत नसतात ते घरातले बाकीचे सगळे कप एकाच हातांनी, एकाच घासणीनं धुतले जात होते. तुमच्या मुलीचं दुधाचं भांडंसुद्धा. जंतूंची गोष्ट इथंच संपते, आणि ती तुम्हाला बोलता बोलताच संपलेली दिसली असणार. झोप त्यामुळंच गेली.

तुम्हाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. असं उत्तर तोंडातून कसं निसटतं ते मला ठाऊक आहे. आमच्या घरी कप नव्हता, जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा पेला होता. मागच्या पडवीत, खुंटीखालच्या फळीवर उपडा घातलेला. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यात चहा ओतायचं काम माझ्याकडे आलं. पातेलं वीतभर वर धरायचं. धार पेल्याच्या मधोमध पडली पाहिजे, पण पातेल्याचा काठ पेल्याला लागता कामा नये. मी फडक्यानं पातेल्याच्या दोन्ही कडा धरायचे, जीभ दातांत पकडायचे आणि ओतायचे. एक थेंब बाहेर पडला नाही की आई म्हणायची, "हात स्थिर आहे हो हिचा." मला त्या शाबासकीचा फार अभिमान होता. पुढं कितीतरी वर्षं, कुठंही उंचावरून चहा ओतताना पाहिला की मला माझंच कौतुक आठवायचं. जी बाई तो पेला हातात धरून माझ्यासमोर उकिडवी बसलेली असायची, ती आठवायची नाही. लहानपणीच्या चहाच्या आठवणी अशाच असतात. आपलं बोट भाजलेलं लक्षात राहतं.

आता सासूबाईंच्या "पूर्वापार"कडे बघू, कारण तुम्हीही तो शब्द न तपासता मान्य केलेला दिसतोय. "त्यांची जुनी रीत मोडायला मन धजत नाही," असं तुम्ही लिहिता. पण किती जुनी? आसामातला चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला तो जानेवारी १८३९ मध्ये. पुढं बराच काळ इथला चहा मुख्यतः परदेशी जाण्यासाठीच पिकत होता. आपल्या लोकांना त्याची गोडी लागावी म्हणून चहाच्या धंद्यानं मुद्दाम खटपट केली ती विसाव्या शतकात. १९०३ मध्ये चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. माणसं चहा करून दाखवत, फुकट पाजत हिंडू लागली. १९३० च्या सुमारास आसामात सीटीसीचं यंत्र आलं. पानं चिरडायची, फाडायची आणि त्यांचे बारीक दाणे वळवायचे, असं त्याचं काम. त्या दाण्यांचा चहा चटकन आणि कडक उतरतो, थोडी पत्ती पुरते आणि वर दूध-साखर ओतली तरी रंग मरत नाही. आपण ज्याला "आपला" चहा म्हणतो तो बहुतेक घरांत या पत्तीचा असतो.

तेव्हा सासूबाईंच्या सासूबाई लहान असताना त्यांच्या घरी चहा होत असेलच असं नाही. चिनी मातीची कपबशी बहुतेक त्याच्याही मागून आली असेल. पूर्वापार होता तो विटाळ. कपबशांचा पहिला संच घरात आला त्या दिवशी कुणीतरी त्यातला एक कप उचलून बाहेरच्या कोनाड्यात ठेवला असेल, किंवा एकाचा कान तुटायची वाट पाहिली असेल.

चहा माणसाला बाटवतो ही भीती तर एके काळी भल्याभल्यांना भोवली आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली नामांकित मंडळी व्याख्यानाच्या निमित्तानं जमली. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, गोखले होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली. कुणी प्यायले, कुणी कपाला नुसता हात लावून मान राखला. गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गहजब झाला. ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद उभा राहिला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी रानड्यांसारख्या माणसानंही प्रायश्चित्त घेतलं. कपभर चहापायी! आज सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींना आपण दारातच विचारतो, "आधी चहा टाकू का?" ही गोष्ट सासूबाईंना जरूर सांगा, पण त्यांना हरवायला नको. चहा गाळता गाळता सांगा. त्या हसल्या तर अर्धं काम झालं.

तुम्ही मावशींची जात पत्रात लिहिलेली नाही. कदाचित तुम्हाला ती माहीतही नसेल, आणि तुमच्या घरातला वेगळा कप "कामवाली" या एका शब्दावर उभा असेल. अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. जातीचं नाव काढणं असभ्य वाटू लागलं तेव्हा तोच कप स्वच्छतेच्या नावावर खिडकीत राहिला. संविधानाच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता १९५० मध्येच संपवली, पण खिडक्या आणि कोनाडे कुणी तपासत नाही. या पत्रासारखी पत्रं मला पुरुषांकडूनही येतात, त्यांच्यासाठी इथंच सांगते: शेतावरच्या गड्याचा पेला, वॉचमनचा प्लास्टिकचा ग्लास, ड्रायव्हरला दिलेला कागदी कप ही सगळी याच कपाची भावंडं. कागदी कप तर फारच सोयीचा, धुवायलाही नको. फक्त एवढं आठवून बघा, व्याही घरी आले तेव्हा त्यांना कशात दिला होता.

मावशींनी ऐकलं असेल का, असं विचारता. ऐकलं. ओटा आणि मोरी यांच्यात अंतर असतं किती? राहिला प्रश्न सवयीचा. आमच्याकडे ज्या बाई यायच्या त्यांच्या मुलीचं लग्न झाल्यावर मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. तेव्हा मी पंचविशीत होते. त्यांनी चहा टाकला आणि मी मदतीला म्हणून मांडणीजवळ उभी राहिले. तिथं सहा कप होते, सगळे निळ्या काठाचे. मी विचारलं, "कुठला घेऊ?" त्या मागं न बघता म्हणाल्या, "कुठलाबी घे, आमच्याकडं समदे सारखेच हायेत." टोमणा होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही. त्या आधणात आलं टाकत होत्या. मी मात्र तो चहा संपवताना घामाघूम झाले. सवय झालेल्या माणसाला सगळं मोजून माहीत असतं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

म्हणून मावशींशी बोला, पण थोडं बोला. दोघीच असताना. "त्या दिवशी मी लेकीला चुकीचं सांगितलं. तुमच्या कपात काही वाईट नाही. वेगळा कप ठेवला ही आमची चूक." बस. रडू नका, "मला किती वाईट वाटतंय" हे सांगत बसू नका. नाहीतर तुमची समजूत काढण्याचं आणखी एक काम त्यांच्या अंगावर पडेल. त्या "जाऊ द्या ताई, त्यात काय" म्हणतील. म्हणू द्या. त्यावरून त्यांनी माफ केलं की नाही हे ताडू नका. आणि पहिल्या दिवशी नव्या कपातून चहा देताना सगळं घर भोवती उभं करू नका, मुलीला "बघ हं" म्हणू नका. त्यांना चहा प्यायचा आहे, सत्कार नकोय.

कपाइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्या कपात काय जातं. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. त्यांच्यासाठी सकाळचा उरलेला चहा गरम करता की ताजा टाकता? काम आटपल्यावर देता की आल्या आल्या? साखर किती, हे त्यांना कधी विचारलंय? पाहुण्याला आपण दहा प्रश्न विचारतो: "कडक की दुधाचा, आलं चालेल ना, बिनसाखरेचा करू का?" रोज येणाऱ्या बाईला मात्र आपल्या मापानं देतो. माझ्या ओळखीच्या एका घरी कप बदलला, सगळ्यांसारखाच दिला, फोटोही काढला, आणि त्यात ओतला तो सकाळपासून चोथ्यावर बसलेला काळाकुट्ट चहा. त्यापेक्षा कान तुटलेला कप बरा, त्यात निदान सोंग नाही.

दुसरं असं की चार घरची कामं करणाऱ्या बाईला चार घरी चहा मिळतो आणि पुष्कळदा तोच तिचा नाश्ता होतो. गोड चहानं भूक मरते, पोट भरत नाही. शिवाय चहातली टॅनिनं अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी चहा-कॉफी टाळावी असं सांगितलं आहे, ते याचसाठी. म्हणून कधीतरी, "चहा टाकू का पोळी-भाजी देऊ?" हेही विचारा. उत्तर "चहाच द्या" आलं तर चहाच द्या. त्यांनी काय खावं-प्यावं हे ठरवायलाही आपण बसायचं नाही.

आता सासूबाई. तुम्ही तीन मार्ग लिहिले आहेत आणि तिन्ही तुम्हालाच पटलेले नाहीत, ते बरोबर आहे.

पहिला, कप गुपचूप फोडायचा आणि हातातून निसटला म्हणायचं. मनातून मलाही हा आवडला. पण पुढच्या आठवड्यात खिडकीत स्टीलचा पेला येईल, आणि स्टील फुटत नाही.

दुसरा, स्पष्ट बोलायचं, "हा भेदभाव आहे आणि माझ्या घरात चालणार नाही." वाक्य खरं आहे. पण ते ऐकून तुम्ही सकाळी नऊला ऑफिसला जाणार, आणि दिवसभर घरात राहणार सासूबाई आणि मावशी. तुमच्या भांडणाचा चटका मावशींना बसेल. "हिनंच सुनेचे कान भरले" एवढा संशय आला तरी बाईचं काम जाऊ शकतं. जिच्यासाठी भांडतोय तिच्या अंगावर ते उलटणार नाही ना, हे आधी बघायचं. काही घरांत शेवटी असंच बोलावं लागतं. पण सुरुवात तिथून नको.

तिसरा, प्रत्येकाला आपापला कप. मुलीचा मांजरीचा, यजमानांचा मोठा, तुमचा, सासूबाईंचा आणि मावशींचाही. यात तथ्य आहे. आपला कप असणं ही आवडीची गोष्ट आहे. पण मावशींचा कप मावशींनीच निवडलेला हवा, तो बाकीच्यांच्याच मांडणीत राहायला हवा, आणि कधी पाहुणे जास्त झाले तर तो पाहुण्यांपुढं जायला हवा. या तिन्हीतलं एक जरी गळलं तरी तो खिडकीतलाच कप, फक्त कान असलेला. मी तुमच्या जागी असते तर त्यापेक्षा सहा एकसारखे साधे कप आणले असते. कुठला कुणाचा हे सांगताच येणार नाही असे.

पण कप आणण्याआधी सासूबाईंशी एक बोलणं व्हायला हवं, आणि ते मावशींबद्दल नको. त्यांच्याच लहानपणाबद्दल असू दे. त्यांना विचारा, त्यांना पहिला चहा कुणी दिला, कशात दिला. माहेरी चहा कधी व्हायचा, बायकांच्या वाट्याला कितवा यायचा. त्या वयाच्या बहुतेक बायका सांगतात की पुरुषमाणसांचं झालं, मुलांचं झालं, मग पातेल्यात उरेल त्यात पाणी घालून पुन्हा उकळी काढायची, तो सुनांचा चहा. हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. आणि मग, त्या बोलत्या झाल्या तर, हळूच विचारा: बाजूला बसायच्या दिवसांत चहा कसा मिळायचा?

कारण तो वेगळा कप तुमच्या सासूबाईंना आतून माहीत असण्याची शक्यता फार आहे. महिन्यातले चार दिवस. कावळा शिवला की ताट वेगळं, तांब्या वेगळा, कप वेगळा, आणि चहा वरून ओतलेला, माझ्या त्या जर्मनच्या पेल्यात मी ओतायचे तसाच. माझ्या आईशी हे बोलणं झालं तेव्हा ती सत्तरीला आली होती. ती म्हणाली, "धाकटा दीर ओतायचा. दहा वर्षांचा. हसायचा मेला." एवढं बोलून ती गप्प झाली. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "आणि तू पण तसंच ओतायचीस की गं मागच्या दारी." पडवीतला पेला तोवर केव्हाच गेला होता, त्याबद्दल आम्ही दोघी त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.

तुमच्या घरी असंच होईल असं नाही. सासूबाई म्हणतील, "ते वेगळं, हे वेगळं." म्हटल्या तर वाद घालू नका, त्यांना त्यावर दोन दिवस राहू द्या. आणखी एक साधा प्रश्न तुमच्या हाताशी आहे. प्रवासात एसटी थांबली की त्या स्टॅंडवरचा चहा पितात ना? तो ग्लास कुणी विसळला, आधी कुणाच्या ओठाला लागला होता, हे कुणी विचारतं का? घराबाहेर चालतं ते घरात का चालत नाही, याचं उत्तर त्यांनाही द्यावंसं वाटेल.

तरीही त्या नाहीच म्हणाल्या तर? मग संध्याकाळचा चहा त्यांचा आणि सकाळचा तुमचा, अशी वाटणी करून घ्या. सकाळी तुम्ही घरात असेपर्यंत मावशी येत असतील तर त्यांचा चहा तुमच्या हातचा, तुमच्या कपांतला. रोज, काहीही न बोलता. म्हाताऱ्या माणसांना आपण मत बदलायला लावतो, ते त्यांना जड जातं. रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीला त्या सरावतात. सवयीचा मुद्दा त्यांचाच आहे, वापरा.

आणि यजमान? ते तुमच्या पत्रात पहिल्या ओळीत आहेत, मग कुठंच नाहीत. आई त्यांची आहे. तो कप ते लहानपणापासून बघत आले आहेत. सुनेनं बोललं की ते "हल्लीच्या सुनांचं खूळ" होतं, मुलगा बोलला की घरातला विषय होतो. त्यांना भाषण करायला लावू नका. रविवारी सगळ्यांसाठी चहा त्यांनी करायचा आणि मावशींच्या हातात कप त्यांनी द्यायचा, एवढंच सांगा. चहा येत नसेल तर हीही संधी आहे.

मुलीचं आता सांगते. आधी बशीतल्या चहाचं, कारण तुम्ही ते जाता जाता लिहिलंय पण काळजी दिसते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार पाच वर्षांखालच्या मुलांना चहा-कॉफी देऊच नये. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना बंद करणं शक्य नसेल तर दिवसाला जास्तीत जास्त अर्धा कप, आणि तोही चॉकलेट-कोला असं कॅफीनचं दुसरं काही पोटात जात नसेल तर. कप म्हणजे दोनशे मिली. आजीचे बशीतले दोन घोट त्यात बसतात. ते जेवणाला लागून नकोत आणि फार उशिरा नकोत, म्हणजे झोपेची तक्रार राहणार नाही. तिच्या आजीची बशी काढून घेऊ नका. "चहा प्यायलीस तर काळी होशील" हे मात्र घरात कुणी म्हणत असेल तर थांबवा. तेही एक पूर्वापार आहे, आणि कपाच्या शेजारीच ठेवलेलं आहे.

तिला खरं सांगा. सात वर्षांच्या मुलीला जातिव्यवस्थेचा इतिहास नको असतो. "मी तुला त्या कपात जंतू असतात म्हणाले ते खोटं होतं. कप स्वच्छ होता. काही लोकांना आपल्या कपातून चहा द्यायचा नाही, असं पूर्वी मोठी माणसं मानायची. ते चूक होतं. आपल्या घरात ते राहून गेलं होतं, आता आपण बंद करतोय." यात आजीला वाईट ठरवायची गरज नाही. "आजीला लहानपणी तसंच शिकवलं होतं" एवढं पुरे. मुलं आपल्यापेक्षा सहज मान्य करतात की एकच माणूस गोड चहा देतं आणि चुकतंही.

आणि हेच तुमच्या आजीबद्दल. आठवण खोटी झालेली नाही. गवती चहाचा वास होता, आजीची मांडी होती, बशीच्या काठावरून ओघळलेला थेंब तिनं पदरानं पुसला तो पुसलाच होता. तुम्ही फक्त तिच्या स्वयंपाकघरातच बसून राहिलात, मागच्या दारापर्यंत गेला नाहीत. आता जा. कोनाड्यातल्या कपातून कोण प्यायचं? त्यांचं नाव आठवतं का? त्या कुठून चालत यायच्या, आजी त्यांच्याशी काय बोलायची, सणाला काय द्यायची, उंबऱ्याच्या कुठल्या बाजूला बसवायची? तुम्हाला आठवत नसेल तर गावाकडे आत्या-मावश्या असतील, त्यांना फोन करा. म्हाताऱ्या माणसांना असली नावं आश्चर्य वाटावं इतकी लक्षात असतात. नाव सापडलं तर पुढच्या वेळी आजीच्या चहाची गोष्ट मुलीला सांगताना त्या नावासकट सांगा. गोष्ट थोडी कडक होईल. चालेल, ती आता दूध-साखरेच्या वयातून बाहेर पडते आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय की मुलीनं कपाबद्दल पुन्हा विचारलं तर काय करू. मला नाही वाटत ती विचारेल. खरं उत्तर मिळालं की मुलं तो प्रश्न सोडतात आणि पुढच्याला हात घालतात. तुमच्या पत्रावरून तिचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय: मावशी खाली का बसतात? कप आणायला जाल तेव्हा स्वयंपाकघरात आणखी एक स्टूल मावेल का, हेही मोजून घ्या.